ट्रेमधलं पाणी

टेबलावर माझ्या सहा प्लेटा मांडून ठेवल्या होत्या. सगळ्या लॅबनं बघावं म्हणून.

प्लेट म्हणजे तळहातावर मावणारी प्लास्टिकची चपटी वाटी. तिच्यात लालसर द्रव असतो. प्लेट इन्क्युबेटर नावाच्या उबदार कपाटात ठेवली की तिच्या तळाला चिकटून माणसाच्या पेशी वाढतात. एरवी नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो. त्या सोमवारी सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. द्रवावर पांढरी केसाळ साय धरली होती. बुरशी.

मार्गदर्शक सरांनी इंग्रजीतून चौकशी केली. पाळी कुणाची होती, इन्क्युबेटरचं दार शेवटी कुणी उघडलं, वही आणा. वहीत शेवटची सही माझी होती. सरांनी वही मिटली, माझ्याकडे वळले आणि मराठीत बोलले.

"हात घरातनंच स्वच्छ यायला लागतात की. ते इथं शिकवून येत नाही. बरं, बस."

आवाज मऊ होता. चेहऱ्यावर हसू होतं. खोलीत आम्ही अकरा जण होतो आणि मराठी फक्त दोघांना येत होतं. त्यांना आणि मला.

मी "यस सर" म्हणाले आणि बसले. हे लिहिताना अजूनही कान तापतात. त्यांच्या वाक्यानं तापतात त्यापेक्षा माझ्या त्या दोन शब्दांनी जास्त.

मीटिंग संपल्यावर रेवती जवळ आली. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी सीनियर, स्वभावानं चांगली. म्हणाली, "तू नशीबवान आहेस. चुकलं तरी सर तुला तुझ्या भाषेत समजावतात." मी मान डोलावली. त्यांनी काय समजावलं ते सांगायला तोंड उघडलं नाही. सांगितलं असतं तर असं का म्हणाले तेही सांगावं लागलं असतं. आणि ते मला सांगायचं नव्हतं.

ते का म्हणाले, ते असं.

मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत काम करते. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या पलीकडं. बंगळुरूला या संस्थेत पीएचडीला निवड झाली तेव्हा वस्तीतली पहिलीच होते मी. सरांचं घराणं इथं तीन-चारशे वर्षांपासूनचं, बनशंकरीला मोठं घर, घरात अजून जुन्या वळणाचं मराठी बोलतात. पहिल्या दिवशी त्यांनी माझं मराठी ऐकलं आणि खूश झाले. "अगं, आमच्यातलीच की तू!" म्हणाले. मग विचारलं, "निपाणीत घर कुठल्या भागात?"

मी म्हणाले, "पेठेत."

कुणी गळा दाबला नव्हता. मीच खोटं बोलले. त्यांच्या त्या "आमच्यातलीच"ला तडा जाऊ नये म्हणून माझं घर नाल्याच्या अलीकडं आणून ठेवलं.

चार महिने मजेत गेले. सर घरून कोडबळ्यांचा, म्हणजे आपल्या कडबोळ्यांचा, डबा आणायचे. आधी माझ्यापुढं धरायचे, मग इतरांपुढं. पुढं माझ्या फेलोशिपचा फॉर्म त्यांच्या सहीला गेला. सोबत जातीचा दाखला होता. त्यांनी दाखला वाचला, परत पहिल्यापासून वाचला. सही केली. "पेठेत म्हणालीस की," एवढंच म्हणाले. त्यानंतर डबा माझ्या टेबलापर्यंत आला नाही. मला वाटलं, खोटं बोलले त्याची ही शिक्षा. वाजवीच आहे. किती दिवस मी असंच समजत होते.

तर, माझे हात.

त्या सहा प्लेटांत चौदा महिन्यांचं काम होतं. पेशी आपल्या आतला कचरा कसा ओळखते आणि कसा मोडून काढते, यावर माझं संशोधन आहे. त्यासाठी एका जनुकात बदल करून मी पेशींचा एक वाण तयार केला होता. एका पेशीपासून वाढवलेला. रोज बघायचं, एक दिवसाआड खायला घालायचं, लॅबमध्ये हाच शब्द वापरतात. बुरशी लागली आणि सगळा वाण गेला. द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवलेल्या फक्त दोन कुप्या उरल्या. त्या दोन कुप्या म्हणजे माझी पीएचडी. त्या वाया गेल्या तर पुन्हा चौदा महिने, आणि फेलोशिप तेवढी उरलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं की काही दिवस मी पेशींच्या खोलीत जायचं नाही. माझ्या पेशी रेवती सांभाळेल. म्हणजे मी दाराच्या काचेबाहेर उभी राहणार. काय घालायचं ते चिठ्ठीवर लिहून देणार. रेवती आतून प्लेट काचेला लावून दाखवणार. माझ्याच हातानं बनवलेल्या पेशी मी काचेतून बघणार.

हे सगळं आमच्या आजीनं हॉटेलच्या बाहेर उभं राहून आधीच भोगलं होतं. मला ते ठाऊक होतं. तरी मी स्वतःला समजावत राहिले की ही वेगळी गोष्ट आहे, हा विज्ञानाचा नियम आहे, निर्जंतुकपणाचा प्रश्न आहे. मी हात धुवायला लागले. साबण, मग स्पिरिट, मग परत साबण. दिवसातून वीस वेळा. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. आईनं व्हिडिओ कॉलवर बघितलं.

"काय झालंय गं हाताला? भाजलंस का काय?"

"औषधानं होतं," मी म्हणाले. आईचा हात कॅमेऱ्यापुढं होता. तंबाखूनं तपकिरी झालेला, कितीही घासला तरी न निघणारा. मी फोन लवकर ठेवला. मला तिच्या हाताची किळस आली होती. एक क्षणच. पण आली होती.

आता एक गोष्ट मागं जाऊन सांगायला हवी.

त्या सोमवारच्या चार दिवस आधी लॅबमध्ये आयुधपूजा झाली होती. आपल्याकडं खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतात, तसं इथं बस, रिक्षा, लेथ मशिन आणि लॅबमधली यंत्रंसुद्धा पुजतात. सेंट्रिफ्यूजला झेंडूची माळ, फ्रीजला हळदीकुंकू. पूजा सर स्वतः करायचे. मी दाराशी उभी होते. त्यांनी इन्क्युबेटरचं दार उघडलं, चौकटीला गंध लावलं, आत फूल ठेवलं. मग घरून आणलेल्या स्टीलच्या लहान तांब्यातलं तीर्थ, तुळशीच्या पानासकट, खालच्या ट्रेमध्ये थोडं ओतलं. इन्क्युबेटरच्या तळाला पाण्याचा ट्रे असतो, आत दमटपणा राहावा म्हणून. तिथं फक्त उकळून निर्जंतुक केलेलं पाणी घालतात. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला शिकवलं होतं सरांनीच. उरलेलं तीर्थ त्यांनी तांब्यासकट इन्क्युबेटरच्या वर भिंतीतल्या फळीवर ठेवून दिलं, बेसिनमध्ये ओतायचं नसतं म्हणून.

वाचणाऱ्याला आत्ताच कळलं असेल. मला कळायला दोन महिने लागले. मी बघितलं होतं, माझ्या या डोळ्यांनी. पण त्या तांब्यात दोष असू शकतो आणि माझ्या हातात नसू शकतो, असा विचार माझ्या डोक्यात शिरतच नव्हता.

रेवतीनं पहिली कुपी वितळवली. पेशी जगल्या, वाढायला लागल्या. मी काचेतून रोज बघत होते. सरांना मात्र लॅबला दृष्ट लागल्यासारखं वाटत होतं. एका शुक्रवारी त्यांनी साधी पूजा केली. दार उघडलं, फळीवरचा तोच तांब्या घेतला, दोन पळ्या तीर्थ ट्रेमध्ये. पाचव्या दिवशी प्लेटांवर पांढरी साय.

या वेळी माझा हात तिथं पोचलाच नव्हता. जवळजवळ दोन महिने मी काचेबाहेर होते. आता तरी ते म्हणतील, चुकलं माझं. मी वाट बघत होते.

सरांनी गौरम्माला बोलावलं. लॅबमधली काचेची भांडी धुणं, बाटल्या वाफेवर निर्जंतुक करणं आणि दर सोमवारी ट्रेमध्ये उकळलेलं पाणी भरणं हे तिचं काम. आनेकलच्या पुढच्या एका गावातून पहाटेच्या बसनं यायची. बारा वर्षं झाली होती. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. ती माझ्याच माणसांतली होती. तिच्या भाषेत आमच्या जातीचं नाव वेगळं, वस्ती मात्र तशीच, गावाच्या खालच्या अंगाला. एकदा भांडी विसळताना तिनं मला सरळ विचारलं होतं आणि मी तिला खरं सांगितलं होतं. बंगळुरूत तेवढ्या एकाच माणसाला.

सर तिला काही बोलले नाहीत. माझ्याकडं वळले. मराठीत.

"ही ट्रेमध्ये नळाचं पाणी घालते. तू बघितलंस ना? सांग, म्हणजे तुला परत आत जाता येईल."

मी बघितलं नव्हतं. ती वाफेवरची गरम बाटली फडक्यात धरून आणायची, ते मी शंभरदा बघितलं होतं. पण टाकीत एकच कुपी राहिली होती. आणि दार उघडणार होतं.

मी मान हलवली. हो म्हणून.

तोंडानं बोललेसुद्धा नाही. नुसती मान. सरांनी यंत्राच्या नोंदवहीत लिहिलं की सफाई कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळं संसर्ग झाला. खाली माझी सही घेतली, साक्षीदार म्हणून. अक्काला भाषा कळली नाही, माझी मान कळली. दुसऱ्या दिवसापासून तिला तळमजल्यावरच्या संडासांच्या कामाला लावलं. निघताना ती माझ्यापाशी थांबली.

"स्वल्प नोडी हेळबेकित्तम्मा."

जरा बघून सांगायचं होतंस गं पोरी, एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मला आत जायला मिळालं. दोन महिन्यांनी मी त्या खोलीत पाय ठेवला. शेवटची कुपी वितळवायचा धीर होईना. आधी खात्री करून घ्यावी म्हणून मी एकेक वस्तू तपासायला घेतली. बाटल्या, द्रव, हवा. प्रत्येकाचा थेंब घेऊन वेगळ्या वाटीत वाढवायचा, कुठं काय उगवतं ते बघायचं. पद्धत साधी आहे, कुठलीही लॅब पहिल्या दिवशी करते. आमच्या लॅबनं केली नव्हती, कारण आमच्या लॅबला गुन्हेगार आधीच सापडला होता. ट्रेजवळ आले तेव्हा वरच्या फळीवर तांब्या दिसला. तळाशी दोन बोटं पाणी, काळं पडलेलं तुळशीचं पान.

तिथं मला सगळं एकदम आठवलं. दार, फूल, पळी.

तांब्यातला थेंब घेतला. ट्रेमधला घेतला. मग वाटलं, हातांचाही पुरावा हवा. माझ्या दहा बोटांचे ठसे एका वाटीत घेतले. अक्काचे हवे होते. एक वाटी घेऊन तळमजल्यावर गेले. ती बादली भरत होती. मी कन्नडमधून सांगितलं की अक्का, या वाटीत बोटं टेकवा, तुमचे हात स्वच्छ आहेत हे मी सगळ्यांना दाखवून देईन.

तिनं वाटीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"नन्न कै नान्याके तोरिस्लि? नीन्याके तोरिस्तीया?"

माझे हात मी का दाखवू? तू का दाखवतेस?

तिनं बादली उचलली आणि ती आत गेली. मी वाटी घेऊन उभी राहिले. दोन महिने मी हात धूत होते, हात दाखवत होते. आईचे वखारीत राबणारे हात लपवत होते. आत्ताही मी न्याय मागायला निघाले होते तो हात पुढं करूनच. तपासा, मी स्वच्छ आहे. स्वच्छ निघाले नसते तर काय, त्यांचं खरं ठरलं असतं?

वर आले आणि माझ्या ठशांची वाटी न बघता कचऱ्यात टाकली.

तांब्यातली बुरशी, ट्रेमधली बुरशी आणि जपून ठेवलेल्या खराब प्लेटांवरची बुरशी. तिन्हींच्या डीएनएमधला ठरलेला तुकडा वाचून घेतला. बुरशीची ओळख त्यावरूनच पटवतात. अक्षरशः एकच निघाला. तीर्थात बुरशी धरली यात तीर्थाचा काही दोष नाही. पाणी साचलं की धरतेच. देवाशी माझं भांडण नव्हतं.

पुढच्या सोमवारी मीटिंगमध्ये काम मांडायची पाळी माझी होती. मी तिन्ही निकाल पडद्यावर लावले. तांब्याचा फोटो लावला. रेवती वहीत बघत होती. सरांचा चेहरा लाल झाला, आवाज तसाच मऊ राहिला. मराठीत म्हणाले,

"घरातल्या गोष्टी चारचौघांत काढू नकोस. थिसिसवर सही माझीच लागते, ध्यानात ठेव. बस आता."

या वेळी मी बसले नाही. शूरपणा वगैरे काही वाटत नव्हतं, लाज वाटत होती. पण मी इंग्रजीतून म्हणाले, "सर आत्ता काय म्हणाले ते मी सांगते." आणि शब्द न शब्द सांगितला. मग पहिल्या सोमवारचं वाक्य सांगितलं. मग त्यांनी ते का म्हटलं ते सांगितलं, म्हणजे माझी जात सांगितली, आणि मी पेठेत राहते असं खोटं बोलले होते तेही. शेवटी सांगायचं होतं ते सगळ्यांत अवघड होतं. गौरम्मानं नळाचं पाणी घातलं हे मी बघितलेलं नाही. मी आत जायला मिळावं म्हणून मान हलवली. नोंदवहीतली सही खोटी आहे.

सर उठून गेले. बाकीचे एकेक करून गेले. रेवती दाराशी घुटमळली, "मला वाटायचं ते तुला समजावतायत," म्हणाली आणि रडायला लागली. तिची समजूत काढायचं त्राण माझ्यात नव्हतं.

त्या रात्री आईला फोन केला. सगळं सांगितलं, पेठेचंसुद्धा.

"मग आता काय सांगतीस लोकास्नी?" तिनं विचारलं.

"खरं सांगते."

"आन् त्या बाईचं काय?"

त्या बाईचं काय, याचं उत्तर अजून पुरतं झालेलं नाही. मी संस्थेकडं लेखी तक्रार दिली. समिती बसली. दोन महिन्यांनी मला बोलावून एक मसुदा पुढं ठेवला. चांगला मसुदा होता. मला दुसरे मार्गदर्शक मिळतील, शेवटची कुपी माझ्या ताब्यात येईल, फेलोशिपला एक वर्ष वाढ मिळेल. बदल्यात दोन गोष्टी. सरांचं बोलणं हा 'भाषिक गैरसमज' होता असं मी मान्य करायचं. आणि नोंदवहीतली गौरम्माची नोंद आहे तशी राहू द्यायची, ती कंत्राटी आहे, तिचा विषय संस्थेच्या कक्षेत येत नाही. समितीच्या बाईंनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढं धरलं. "तुझ्या करिअरचा विचार कर," म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच काळजी होती.

मी विचार केला. खोटं कशाला बोलू, मोह झाला. ती कुपी मला स्वप्नात दिसते. पेन हातात घेतलंसुद्धा.

मग मसुदा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं की ट्रेमधल्या पाण्याबद्दल मी खोटी साक्ष दिली. गौरम्मानं कधीही नळाचं पाणी घातलं नाही. ती नोंद खोडून, तिची माफी मागून, तिला तिचं काम परत मिळेपर्यंत मी कुठल्याच तडजोडीवर सही करणार नाही. सर मला काय म्हणाले ते मला नीट समजलं होतं. खाली तारीख घातली, पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि पत्ता लिहिला. निपाणी, नाल्यापलीकडची वस्ती.

त्याची प्रत घेऊन मी तळमजल्यावर गेले. अक्काला कन्नडमधून वाचून दाखवली. तिनं ऐकून घेतलं, कागद घडी करून कमरेला खोचला. मला माफ केलं का ते मी विचारलं नाही. तो तिचा हक्क आहे, आणि नाही म्हणण्याचाही.

कुपी अजून टाकीत आहे, टाकीची किल्ली सरांकडं. फेलोशिपचे सात महिने उरलेत. डॉक्टर होईन की नाही, माहीत नाही. रोज सकाळी नऊला मी संस्थेत जाते, माझ्या टेबलावर बसते, आणि दर सोमवारी समितीला मसुद्यामागचा तोच मजकूर परत पाठवते. एक अक्षर न बदलता. पहिल्या ओळीत माझा गुन्हा आहे, शेवटच्या ओळीत सरांचा. समितीला शेवटची ओळ काढून हवी आहे. दोन्ही राहतील.